गुरुवारच्या ठिपक्याचं शेपूट

१

पाकिटाला अजून भाजक्या हुरड्याचा वास येत होता. पौषात परभणीकडच्या माणसाच्या नाकात हा वास शिरला, की त्याला दही आणि शेंगदाण्याची चटणी आठवावी. इथं मात्र टेबलाभोवती उभ्या असलेल्या चौघांपैकी एकालाही मान वर करवत नव्हती.

चौकशीसाठी मुख्यालयातून आलेल्या शिवरंजनीनं चिमट्यानं पाकीट उजेडात धरलं. पारदर्शक पाकिटात ज्वारीच्या दाण्यांचा एकच थर होता. मधोमध करंगळीच्या पेराएवढं भोक, आणि भोकाभोवतीचे दाणे कोळसा झालेले. कडेचे दाणे मात्र काही घडलंच नाही असे टपोरे होते.

"चारठाण्याजवळच्या कडूबाईंनी जपलेली जुनी ज्वारी," भक्ती म्हणाली. बियाण्यांवर संशोधन करणारी ही मुलगी दर गुरुवारी परभणीहून यायची. "कडूबाई गेल्या साली वारल्या. एवढीच उरली होती."

जिंतूर आणि चारठाण्याच्या मधल्या माळावर हे किरणकेंद्र आहे. तिथलं यंत्र इलेक्ट्रॉनांना वेग देतं आणि त्यांचा झोत समोरच्या लक्ष्यावर सोडतं. लक्ष्य म्हणजे बहुतेक वेळा बियाणं. झोतानं एखाद्या दाण्याचा गुण बदलतो, आणि हजारात एखादा बदल शेतकऱ्याच्या कामाचा निघतो. सगळी मेख ठिपक्यात. झोत लक्ष्यावर जिथं पडतो तो ठिपका वीसएक मिलिमीटर रुंद हवा. तेवढीच ताकद बारीक ठिपक्यात कोंबली, तर भिंगातून ऊन धरल्यासारखं होतं. म्हणून रोज सकाळी लक्ष्याच्या जागी चौकोनी फिल्म लावायची, दोन सेकंद झोत सोडायचा, फिल्मवर उमटलेला निळा ठिपका पट्टीनं मोजायचा, मग फिल्म वहीत डकवून खाली आकडा आणि सही. हे काम यंत्रचालक मुंजाजीचं.

गुरुवारच्या पानावर मोठा, टवटवीत निळा ठिपका होता. खाली आकडा साडेवीस, आणि मुंजाजीची सही.

"उघड आहे," केंद्रप्रमुख शिवप्रकाश म्हणाले. "ठिपका एवढा असता तर पाकिटाला असं भोक पडलंच नसतं. मुंजाजीनं तपासलंच नाही. कुठली तरी जुनी फिल्म डकवली अन् सही ठोकली. ही बनवाबनवी आहे, मॅडम. उद्या संध्याकाळी तुमचा अहवाल आला, की रविवारी त्यानं खोली रिकामी करायची."

केंद्रामागच्या त्या खोलीत मुंजाजी एकोणीस वर्षं राहत होता. त्याची बायको तिथंच गेली. लेकरू नव्हतं, गावाकडं घर नव्हतं. खोली गेली तर कुठल्या एसटीत बसायचं, हेसुद्धा त्याला ठरवता आलं नसतं.

मुंजाजी भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "फिल्म म्याच लावली, म्याच डकवली. दुसरं मला काय सांगता येत न्हाई."

शिवरंजनीनं सव्वीस वर्षं चौकशा केल्या होत्या. खोटं बोलणारा माणूस खुलाशांची रास घालतो, हे तिला पाठ होतं. हा माणूस एका वाक्यावर थांबला. म्हणजे मग वही खोटं बोलत होती.

२

असल्या आडरानातल्या चौकशा शिवरंजनीच्याच वाट्याला यायच्या. घरी वाट बघणारं कुणी नाही, मग पाठवणाऱ्यांना काय, बरंच. आई भागम्मा होत्या तोवर सोनपेठला फोन करून 'पोचले गं' एवढं तरी सांगायचं असायचं. आता दीड वर्ष झालं, ती कुठंही पोचली तरी कुणाला कळत नव्हतं. ह्याचं वाईट वाटतं, हे ती कुणाजवळ बोलत नसे. बोलायलाही कुणी लागतंच की.

सकाळी फाटकावर रखवालदार आश्रुबानं यंत्रघरात जाणाऱ्यांचा फॉर्म पुढं केला होता. 'अडचणीच्या वेळी कुणाला कळवावे' ह्या रकान्यात तिनं सवयीनं रेघ ओढली.

"हितं समदेच रेघ वढायलेत," आश्रुबा म्हणाला. "मुंजाजीची बी रेघच हाय."

दुपारी ती मुंजाजीच्या खोलीवर गेली. त्यानं चहा टाकला. ओतताना त्याच्या तर्जनीचं टोक कपाच्या आत होतं. चहा बोटाला लागला तेव्हा त्यानं पातेलं सरळ केलं. शिवरंजनीनं मनातल्या मनात नाक मुरडलं आणि चहा घेतला. चहा फक्कड होता.

"फिल्म कशी लावता ते दाखवा बरं."

मुंजाजीनं खणातून कोरी फिल्म काढली आणि छोट्या कात्रीनं तिचा वरचा उजवा कोपरा कापला. बोटांना डोळे असावेत तसं एका झटक्यात.

"हे काय?"

"खूण, मॅडम. आमच्या बापाची शेरडं व्हती. गावाची समदी शेरडं येकाच कळपात चरायची, मग वळखायची कशी? आमचा बाप कानाला कात्रीनं बारीक खूण करायचा. जनावर वाट चुकून कुटंबी गेलं, तरी कुणाचं हाय ते कळायचं. लोक घरी आणून सोडायचे." तो पहिल्यांदाच थोडा हसला. "पर आधी खूण, मग कळप. खुणेबिगर कळपात सोडायचं न्हाई. फिल्मचं बी तसंच. आधी कात्री, मग झोत. वरचा उजवा कोपरा कोन्ता ते हाताला कळतं."

"कधी उलटं झालं? आधी झोत, मग कात्री?"

"येकोणीस सालात येकदा बी न्हाई."

"एवढं बालंट आलंय तुमच्यावर. भांडत कामून न्हाई?" घरची बोली तिच्या तोंडात नकळत आली.

"भांडून आल्यावर बसायचं कुणापाशी?" मुंजाजी म्हणाला, आणि बशी विसळायला उठला.

शिवरंजनीनं रिकामा कप खाली ठेवला. ती उठली. नियंत्रणकक्षाच्या दारात तरुण शास्त्रज्ञ हरिओम उभा होता, आणि पौषाच्या गारव्यातही त्याच्या कपाळावर घाम होता.

३

"बुधवारी संध्याकाळी यंत्र कुणाकडं होतं?" तिनं सरळ विचारलं.

हरिओमनं आढेवेढे घेतले नाहीत. "माझ्याकडं. तांब्याच्या पत्र्यावर प्रयोग होता. झोत सहा मिलिमीटरपर्यंत बारीक केला होता."

"आणि परत मोठा केला?"

त्यानं कपाळ पुसलं. मग म्हणाला, "जिंतूरची शेवटची गाडी निघायची होती, मॅडम. तसाच सोडून गेलो. म्हटलं, सकाळी मुंजाजी तपासतातच की."

भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात ते हेच. विसाच्या जागी सहाचा ठिपका म्हणजे तीच आग दहापट लहान जागेत. ज्वारी कशानं जळाली, हे कोडं सुटलं. पण त्या सकाळी खरी फिल्म लागली असती, तर तिच्यावरही सहाचाच ठिपका उमटला असता. आणि वहीत तर मोठा ठिपका होता. तो आला कुठून?

आपलं पाप झाकायला हरिओमनंच फिल्म बदलली असेल, असं कुणालाही वाटावं. शिवरंजनीलाही वाटलं. तिनं वही त्याच्यापुढं सरकवली.

"ठिपका रोज सारखाच दिसतो?"

"आकार बदलतो, पण शेपूट तेच," तो म्हणाला. "एक चुंबक किंचित वाकडं बसलंय, त्यामुळं ठिपक्याला डावीकडं खाली बारीकसं शेपूट येतं. माझ्या प्रयोगांच्या वेळी मी कॅमेऱ्यात बघतो ना."

तिनं पानं उलटली. सोमवारच्या ठिपक्याला शेपूट डावीकडं खाली. मंगळवारच्याला, बुधवारच्याला, तसंच. गुरुवारच्या ठिपक्याचं शेपूट मात्र उजवीकडं वर, थेट कापलेल्या कोपऱ्याकडं.

हरिओम वाकून बघत राहिला. "चुंबक एका दिवसात उलटं होत नाही," तो पुटपुटला. "फिल्मच उलटी आहे!"

"म्हणजे कोपरा कापला तो झोत पडून गेल्यावर," शिवरंजनी म्हणाली. "चारांतला कुठला तरी एक कोपरा वरचा उजवा मानून. मुंजाजी आधी कात्री लावतात, मग झोत. ही फिल्म त्यांची नाही. तुमचीही नाही, शेपटाची दिशा माहीत असलेला माणूस ही चूक करणार नाही."

शिवप्रकाश तर गुरुवारी दिवसभर पाथरीला दर्शनाला गेले होते. हे हरिओमनंच सांगितलं. मग मुंजाजीची खरी फिल्म गेली कुठं, आणि ह्या माळावर तिसरं कोण होतं?

४

शनिवारी सकाळी विश्रामगृहाच्या खोलीत तिनं इष्टलिंगाची पूजा केली. पूर्वी शेजारी आई बसायची, आणि मंत्र म्हणताना एकीचा श्वास संपला की दुसरीचा आवाज पुढं चालायचा. आता मध्येच शांतता पडायची. पूजा आटोपून, विभूती लावून ती खिडकीपाशी बसली आणि सहा महिन्यांच्या फिल्मा एकेक करून पट्टीनं मोजू लागली.

दहा वाजेपर्यंत तिला दोन गोष्टी कळल्या होत्या.

आधीच्या सगळ्या गुरुवारांचे आकडे अचूक होते. वहीत एकवीस, तर पट्टीवरही एकवीस. पण शुक्रवारपासून बुधवारपर्यंत दर आठवड्याला एकच आकडा होता, आदल्या गुरुवारचा. ठिपका अठराचा असो की तेविसाचा, खाली गेल्या गुरुवारचाच आकडा आणि सही. ह्या गुरुवारचा साडेवीसही गेल्या गुरुवारचाच होता. डकवलेला ठिपका मोजला तर भरला बावीस. आकडा लिहिणाऱ्यानं ही फिल्म मोजलीच नव्हती.

दुसरी गोष्ट तिला भिंगाखाली दिसली. गुरुवारच्या निळ्या ठिपक्यात फिकट, गोल टिकल्या होत्या. दाटीवाटीनं बसलेल्या ज्वारीच्या दाण्यांएवढ्या. झोत दाण्यांमधून येऊन फिल्मवर पडला, की दाण्यांच्या अशा सावल्या राहतात. रोजच्या तपासणीच्या फिल्मसमोर दाणे नसतात. ही फिल्म बियाण्याच्या पाकिटामागं लावलेली होती.

ती वही घेऊन मुंजाजीकडं गेली. मुद्दाम मंगळवारचं पान उघडलं, वर ठळक अक्षरांत वार लिहिलेलं, आणि त्याच्या तोंडापुढं धरलं.

"हीच ना गुरुवारची तुमची फिल्म?"

मुंजाजीनं पानावरून नजर फिरवली. "हीच," तो म्हणाला.

कपात बुडवलेलं बोट तिला आठवलं, आणि आपण नाक मुरडलं ह्याची तिला लाज वाटली. तिनं पुढं काही विचारलं नाही. माणूस फिल्म लावत होता, डकवत होता, सही करत होता. फक्त त्याला दिसत नव्हतं. मग सहा महिने दर गुरुवारी त्याचे डोळे कोण झालं होतं?

ती फाटकावर गेली आणि आश्रुबाकडून येण्याजाण्याची वही मागून घेतली. दर गुरुवारी भक्तीची वेळ साडेआठ. ह्या गुरुवारी मात्र दहा वाजून वीस मिनिटं.

"बोरीपाशी गाडी बंद पडली व्हती तिची," आश्रुबा म्हणाला. "पळतच आली पोरगी."

शिवरंजनीनं भक्तीला फोन लावला. "तुझी प्रयोगाची वही घेऊन ये," एवढंच सांगितलं.

५

भक्ती दुपारच्या गाडीनं आली. फाटकाबाहेरच्या लिंबाखाली दोघी बसल्या. समोर रस्त्यापर्यंत ज्वारी उभी होती, कणसांवर पाखरं होती, आणि दूरवर माणूस नव्हतं.

भक्तीच्या वहीत प्रत्येक पाकिटामागं लावलेली फिल्म ओळीनं डकवलेली होती. एकाही फिल्मचा कोपरा कापलेला नव्हता. अकराव्या पानावर फिल्म नव्हतीच. वाळलेल्या डिंकाचा चौकोन होता.

"ज्वारी तुझीच जळाली," शिवरंजनी हळू आवाजात म्हणाली. "आणि फिल्म बदललीस तीही तूच."

भक्तीनं नाही म्हटलं नाही. तिनं वही मिटून मांडीवर घेतली.

"मुंजाजीकाकांना लय दिवसांपासून दिसत नाही," ती म्हणाली. "पहिल्याच महिन्यात माझ्या ध्यानात आलं. दर गुरुवारी मीच मोजून आकडा सांगायचे. बाकीच्या दिवशी ते तोच लिहायचे. चूक होती, मला कळत होतं. पण रोज तपासणी नीट निघायची, म्हणून चालून जायचं."

"आणि परवा?"

"परवा बोरीला गाडी बंद पडली. दहाला केंद्राची लाइट जाणार होती, आठवडा वाया गेला असता. मीच फोन केला, की काका, थांबू नका, कपाटात ठेवलेलं पाकीट लावून सुरू करा, ठिपका रोजच्यासारखाच असंल." तिचा आवाज फुटला. "त्यांना दिसत नाही हे माहीत असून मी सांगितलं, मॅडम. आले तर पाकिटाला भोक. वही बघितली, तर एवढासा काळपट ठिपका अन् खाली साडेवीस. कुणीही बघितलं असतं तर म्हणालं असतं, हा माणूस आंधळाय. मग मी ती काढली, माझी एक लावली अन् कोपरा कापला. वाटलं, लोक म्हणतील यंत्रच मधी बिघडलं. काकांवरच बनवाबनवी येईल हे डोक्यातच आलं नाही."

"मग काल का बोलली नाहीस?"

"बोलले असते तर डोळ्यांचं निघालं असतं. कसंही केलं तरी खोली जाणारच होती."

तिनं वहीच्या पुठ्ठ्यात सरकवलेली फिल्म बाहेर काढली. सहा मिलिमीटरचा काळपट निळा ठिपका, शेपूट डावीकडं खाली, वरचा उजवा कोपरा एका झटक्यात कापलेला. मुंजाजीनं खरंच लावली होती, खरंच डकवली होती.

शिवरंजनीच्या सव्वीस वर्षांत माणसांनी स्वतःला वाचवायला पुरावे बदललेले तिनं ढिगानं पाहिले होते. जिचं सगळं गेलं तिनंच दुसऱ्यासाठी पुरावा बदललेला पहिल्यांदा पाहिला. तिला भक्तीचा राग यायला हवा होता, पण तिला मुंजाजीचा हेवा वाटला.

मागं पाचोळा वाजला. आश्रुबाच्या आधारानं मुंजाजी उभा होता, आणि त्यानं सगळं ऐकलं होतं.

६

"मोतीबिंदू हाय," मुंजाजी लिंबाच्या पारावर बसत म्हणाला. "पावसाळ्यात परभणीला दवाखान्यात गेलतो. बाई म्हणली, लगेच काढून टाकू. मंग म्हणली, संगं कोण हाय? कागदावर जवळच्या माणसाची सही लागती. म्या म्हणलं, आणतो बोलावून. अन् यष्टीत बसून वापस आलो."

एवढ्याशा ऑपरेशनवाचून एक माणूस सहा महिने अंधारात बसला होता, कारण सही करायला कुणी नव्हतं.

"पोरीवर काय येऊ देऊ नका, मॅडम," तो म्हणाला. "माझं नाव लिव्हा. मला जायाचंच हाय."

"जे झालं तेच लिहिणार," ती म्हणाली.

आणि तिनं तसंच लिहिलं. हरिओमनं झोत बारीक ठेवला आणि कुणाला कळवलं नाही. मुंजाजीनं न दिसता आकडा लिहिला. भक्तीनं फिल्म बदलली. तिला सहा महिने यंत्र मिळू नये. फिल्मची बनवाबनवी मुंजाजीची नव्हे. पुढं रोजचा ठिपका दोघांनी मोजावा. मुंजाजीला उपचारासाठी रजा द्यावी, तोवर यंत्र देऊ नये, आणि खोली काढून घेऊ नये.

"आंधळ्या माणसाला ठेवून घ्यायचं?" संध्याकाळी शिवप्रकाश तडकले.

"आंधळा नाही. मोतीबिंदू आहे. बरा करून आणायचा," शिवरंजनी म्हणाली. "त्याला दिसत नाही हे तुम्हालाही सहा महिने दिसलं नाही. तेही लिहू का?"

शिवप्रकाशांनी अहवालावर सही केली.

दवाखान्यातल्या कागदावर सही भक्तीनं केली. नात्याच्या रकान्यात तिनं 'पुतणी' लिहिलं, आणि तिथल्या बाईनं वर न बघता शिक्का मारला. हे शिवरंजनीला फोनवर कळलं. तिनं 'बरं झालं' म्हटलं, फोन ठेवला, आणि त्या संध्याकाळी तिला आपलं घर जरा जास्तच रिकामं वाटलं.

चैत्रात ती फेरतपासणीला पुन्हा माळावर आली. ज्वारी निघून गेली होती, रान उघडं पडलं होतं. पाकिटाच्या कडेचे न भाजलेले एकतीस दाणे भक्तीनं कुंड्यांत लावले होते आणि त्यातले सव्वीस उगवले होते, अशी बातमी आश्रुबानंच दिली. मग त्यानं फॉर्म पुढं केला. तिनं नाव लिहिलं, वेळ लिहिली, त्या रकान्यात रेघ ओढली आणि कागद परत दिला.

तो कागद आश्रुबाच्या हातातून मुंजाजीनं घेतला. नवा चष्मा, अंगात इस्त्रीचा सदरा. त्यानं कागद हातभर लांब धरून वरपासून खालपर्यंत वाचला, एकेक अक्षर चवीनं.

"हितं काय लिव्हलं न्हाई तुमी."

"लिहायला कुणी नाही, मुंजाजी."

मुंजाजीनं आश्रुबाच्या खिशातलं पेन काढलं, खाली बसला, कागद गुडघ्यावर घेतला, आणि तिच्या रेघेवर सावकाश आपलं नाव आणि मोबाइल नंबर लिहिला.

"अहो, हे कशाला?"

"खुणेबिगर आत सोडायचं न्हाई, मॅडम," तो म्हणाला, आणि त्यानं फाटक उघडलं.